हीट नंबरचा माग

पुरवठा साखळीतल्या लहान कारखान्यांचं कार्बन उत्सर्जन मोजून देणं हे माझं काम. मोजणीचा खर्च सरकारी योजनेतून होतो. त्या दिवशी मी नट-बोल्टच्या एका कारखान्यात होते. त्यांचा माल युरोपात जातो. आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावणारी युरोपीय संघाची ‘सीबॅम’ ही व्यवस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आयातदाराला बोल्टचंही उत्सर्जन कळवावं लागतं. २०२६ पासूनच्या आयातीवर त्याचे पैसेही भरावे लागतात. खरा आकडा नसेल तर ठरवून दिलेला चढा आकडा माथी बसतो. मालकांना याचीच धास्ती होती आणि उपाय म्हणून त्यांनी सौर पॅनेलच्या अनुदानाचा अर्ज भरून ठेवला होता.

जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या, तरी हवेचा कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेतच होता, म्हणजे हवा कुठेतरी गळत होती. पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं, तर एका कपलिंगवर भराभर फुगे आले. फिटरने तिथल्या तिथे वॉशर बदलला. कॉम्प्रेसरची २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणं लहान कारखान्यांत सर्रास दिसतं. बिल कमी होईल म्हणून मालक खूश झाले.

पण युरोपचा प्रश्न वेगळाच होता. पोलादाच्या मालावर ते शुल्क लावताना विजेचं उत्सर्जन धरतच नाहीत. धरतात ते मुख्यतः बोल्टची तार ज्या पोलादाची, ते पोलाद बनवतानाचं. खनिजापासून झोतभट्टीत एक टन पोलाद करताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीत त्याच्या कितीतरी कमी.

“मग आमचं पोलाद कुठल्या भट्टीचं?” मालकांनी विचारलं.

तारेच्या गुंडाळीबरोबर आलेलं टेस्ट सर्टिफिकेट काढलं. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या ओताचा क्रमांक, होता, रासायनिक घटक होते, ताणशक्ती होती. भट्टीचा उल्लेख नव्हता. व्यापाऱ्याला सांगता येईना. पोलाद कारखान्याला मालकांनी आधीच मेल केले होते. एवढ्याशा गिऱ्हाइकाला उत्तर कोण देणार?

मी योजनेच्या अधिकारी बाईंना फोन केला. त्यांनी हीट नंबरसकट कार्यालयाचं पत्र पाठवलं आणि संध्याकाळच्या आत आकडा आला. पडताळणी झालेला, विद्युत भट्टीचा. तो तयारच होता, फक्त मागणाऱ्याच्या आवाजाला वजन नव्हतं.

मला हे फार लागलं. यंत्रासाठी, पॅनेलसाठी अनुदानाचे रकाने आहेत. लहान पुरवठादाराच्या वतीने वरच्या कारखान्याकडून माहिती मागून द्यावी, असं त्या योजनेत कुठेच लिहिलेलं नाही. बाईंनी ते आपणहून केलं. हे काम नियमात यायलाच हवं, असं मी त्या भेटीच्या अहवालात लिहिलं आहे.

मालकांनी पॅनेलचा अर्ज मागे घेतला नाही, घेऊही नये. पण पुढच्या तारेच्या ऑर्डरवर भट्टीचा प्रकार आणि प्रतिटन उत्सर्जन लिहून मागायला त्यांनी खरेदी विभागाला माझ्यासमोरच सांगितलं.