खाजनात चार गायी: माझा अनुभव

आमच्या घरच्या खाजनात, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल शेतात, काही वर्षे भात होत नव्हते. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठाने राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मुले नोकरीला, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, त्यात एका पावसाळ्यात बांध फुटून खारे पाणी आत आले. बांध नंतर घातला, शेत मात्र पडच राहिले. पड खाजनात आधी गवत येते, मग लव्हाळा माजतो, मग कडेने खारफुटीची रोपे डोके वर काढतात. ती एकदा वाढली की विषय संपला, कारण खारफुटी तोडणे हा गुन्हा आहे. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन आहे म्हणतात. त्यातले किती याच वाटेने चालले आहे ते कोणत्याही पुलावरून जाताना दिसते.

भात जमत नसेल तर निदान गवत तरी चरून खाली ठेवावे, असे मी ठरवले. घरी गायी होत्याच.

गुरे सोडायची तर त्यात एवढे काय, असे शहरातल्या मित्रांनी विचारले. गोव्यात अडचण उलटी आहे. कापणी झाली की गावभर गुरे मोकाट, म्हणून वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे पीक) कोणी करत नाही, आणि वायंगण कोणी करत नाही म्हणून गुरे मोकाट. त्यामुळे ‘मला खाजनात गुरे घालायची आहेत’ असे म्हटल्यावर कुळांच्या असोसिएशनच्या बैठकीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बांध सांभाळण्याची जबाबदारी सगळ्या कुळांची मिळून आहे, तसे 1975 चे नियमच आहेत, आणि बांधावर गुरांचे खूर पडले की माती घसरते. खेकड्यांनी आधीच भोके पाडून ठेवलेली असतात, त्यात हे. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळा वाडा (आमची वस्ती) आबा म्हणतो, शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “अरे बाबा, गोरवां सोडप सोंपें. काडटलो कोण?”

गुरे सोडणे सोपे, बाहेर काढणार कोण? पुढचे सगळे या एका प्रश्नाभोवती फिरले.

विरोध दुसऱ्या बाजूनेही होता. गावातली दोन-तीन मुले पक्ष्यांचे फोटो काढतात. कुडचड्याच्या नंदा तळ्याला 2022 मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाल्यापासून त्यांचा उत्साह वाढला आहे, आणि चांगलेच आहे. त्यांचे म्हणणे, पाणथळ जागेत गुरे नकोतच. मी त्यांना भरतपूरची गोष्ट सांगितली. केवलादेव उद्यानात 1982 मध्ये चराई बंद केली. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे गेली. आणि नंतर पाण्यातले गवत इतके माजले की पक्ष्यांना उघडे पाणीच उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून निघाले ते हे की म्हशीच ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. भरतपूर गोड्या पाण्याचे, आमचे खाजन मचूळ, दोन्ही सारखी नाहीत हे मलाही कळते. पण मुले ऐकायला तयार झाली, एवढे पुरे होते. त्यांची एकच अट होती की पक्षी अंडी घालतात त्या दिवसांत गुरे आत नकोत. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी पावसाळ्यात, टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर. म्हणजे मधला काळ आमचा. दिवाळी झाली की आत, शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) आधी बाहेर.

हे गवताच्याही सोयीचे निघाले. पावसाने जमिनीतला खार धुतला जातो, दसऱ्यापर्यंत पाणी चढलेले असते, मग ते उतरते आणि कोवळे गवत फुटते. फाल्गुन लागला की मातीवर पांढरी साय धरायला लागते आणि गवत गुरांना नकोसे होते.

किती गुरे, हा पुढचा वाद. युरोपात पक्ष्यांसाठी पाणथळ कुरणे राखतात तिथे हेक्टरी एखादे मोठे जनावर किंवा त्याहून कमी असा हिशेब धरतात. आमचा तुकडा तीन हेक्टरच्या आसपास. मी चार गायी म्हटल्या, त्याही आमच्या बुटक्या, पांढऱ्या गावठी. या जातीला आता श्वेतकपिला नावाने सरकारी नोंद मिळाली आहे, घरात मात्र तिला अजून गावठीच म्हणतात. दूध दोन-तीन लिटर, पण अंगाने हलकी, त्यामुळे चिखलात रुतत नाही. भावाच्या जर्सी संकरित गायी गोठ्यातच ठेवल्या. त्या वजनाला ओल्या जमिनीवर उभे करणे म्हणजे खूर कुजवणे.

पशुवैद्यक डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी गवताबद्दल काही विचारलेच नाही, विचारले ते गोगलगायींबद्दल. पाणथळीतल्या बारीक गोगलगायींमधून लिव्हर फ्लूक हा यकृतातला चपटा कृमी येतो. त्याच्या गाठी पाण्याच्या काठच्या गवतावर चिकटून असतात आणि गुराच्या पोटात गेल्या की थेट यकृतात. म्हणून पाणी उतरल्याबरोबर गुरे घालू नका, जमिनीला ऊन लागू द्या, शेण तपासून घ्या आणि औषध द्या, असे त्यांनी सांगितले. घटसर्पाची लस पावसाआधी, लाळ्या खुरकुताची वर्षातून दोनदा, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर नोंद. शिवाय चिखलात उतरणाऱ्या माणसाने लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या तापापासून) स्वतःला जपावे, पायावर जखम असेल तर गमबूट घालावेत, हेही.

पाण्याची गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. चारी बाजूंनी पाणी, आणि गायीला प्यायला एक घोट नाही. एका गायीला दिवसाला तीस-चाळीस लिटर लागते. शेवटी वाड्याच्या विहिरीवरून पाइप ओढून बांधाच्या आतल्या बाजूला सिमेंटची डोण ठेवली. गुरे त्या डोणीभोवतीच घुटमळतात, म्हणून ती जमीन जरा कडक आहे अशा जागी ठेवावी लागते.

राखणीला आबाच आले. त्यांना पैसे हवे होतेच, पण गुरांवर आणि माझ्यावर नजर ठेवणे हाही हेतू असावा. त्यांच्यामुळे मी गाय चरताना पहिल्यांदा नीट पाहिली. ती गवत कापत नाही. जिभेने मूठभर गुंडाळते, खालच्या दातांवर दाबते आणि मानेच्या हिसक्याने ओढते. त्यामुळे मागे राहते ते उंचसखल. स्वतःच्या शेणाभोवतीचे गवत ती सोडते, तिथे झुबके उभे राहतात. लव्हाळ्याला पौषापर्यंत तोंडही लावत नाही, मग मऊ गवत संपले की त्याचे शेंडे खुडते. खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचते, त्यात किडे होतात, आणि गाय बगळे तर पहिल्याच सकाळी हजर. पुढे तुतवार आले, पाणलावाही आला. मुलांनी फोटो काढले आणि नंतर त्यांच्या तक्रारी बंद झाल्या. यंत्राने गवत कापून हे होणार नाही, सगळे एका उंचीचे होईल.

खरी कटकट मानशीवरून झाली. आत-बाहेर पाणी सोडणारी ती दारे मासेमारीसाठी लिलावाने दिली जातात. ज्याने लिलाव घेतला त्याला जास्त पाणी आत हवे, कारण पाण्याबरोबर कोळंबी येते. एका उधाणाला दार जास्त वेळ उघडे राहिले आणि आमचे अर्धे कुरण मचूळ पाण्याखाली गेले. गुरे उंच मेरेवर दाटीवाटीने उभी. आबांनी त्याच दुपारी ती काढली, मला न विचारता. दोन आठवडे ती घरी पेंढ्यावर होती आणि पेंढ्याचा भाव मला पाठ झाला. मला वाटत होते ओलसर आहे तरी चरतील. आबांचे म्हणणे, टाच पूर्ण बुडाली की गाय बाहेर, मग वर गवत कितीही असो. त्या वेळी मी चिडलो होतो. पण ज्या शेजाऱ्याने गुरे आत ठेवली त्याच्या तुकड्यात अजून नुसता राबडा आहे.

यंदाच्या लिलावात असोसिएशनने अट घातली: दिवाळी ते शिगमा पाणी आत पातळीच्या खुणेसाठी रोवलेल्या खुंटीच्या वर न्यायचे नाही. बोली साहजिकच कमी लागली आणि त्यावरून बैठकीत चांगलेच वाजले. शेवटी तुटीतला काही वाटा गुरे घालणाऱ्यांनी भरायचा असे ठरले. चार महिन्यांचा पेंढा वाचतो त्यात मला ते परवडते. आणखी दोन घरे आता गुरे घालू म्हणताहेत. एकूण पाचाच्या वर जायचे नाही यावर आबा ठाम आहेत, तेव्हा कोणाची कोणती गाय घरी राहणार हे चवथीनंतरच्या बैठकीत ठरेल.