बास्तोन्यची दुसरी सिस्टर

बेल्जियमच्या दक्षिणेकडील बास्तोन्य या गावात, न्यफशातोकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका भिंतीवर स्मृतिफलक आहे. २४ डिसेंबर १९४४ च्या रात्री या जागी बॉम्ब पडला आणि त्यात रने लमेर ही तरुण परिचारिका व तीसहून अधिक जखमी अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले, त्यांची ती आठवण आहे. मी गेले तेव्हा तिथे चिनी जेवणाचे हॉटेल होते, आत दुपारच्या जेवणाची गडबड चालली होती आणि फलकाखाली कोणीतरी ठेवलेली फुले पावसाने भिजून काळी पडली होती. मी मात्र लूव्हेनहून आधी रेल्वेने आणि मग लिब्रामोंपासून बसने इतक्या लांब आले होते, ते फलकाच्या शेजारच्या घराची जागा पाहण्यासाठी. बॉम्ब पडला त्या क्षणी त्या शेजारच्या घरात दुसरी एक परिचारिका होती. स्फोटाच्या धक्क्याने ती भिंतीतून पलीकडे फेकली गेली आणि तरीही वाचली. तिचे नाव ऑगस्टा शिवी.

आपल्याकडे रुग्णालयात परिचारिकेला कोणी परिचारिका म्हणत नाही, सिस्टर म्हणतात. माझी आई सोलापुरात तेहतीस वर्षे सिस्टर होती आणि कदाचित म्हणूनच ऑगस्टाची हकीकत प्रथम वाचनात आली तेव्हापासून ती माझ्या मनातून गेली नाही. त्यात मी राहते ते लूव्हेन हेच तिचे शिक्षणाचे गाव निघाले. त्यामुळे गेली दोन वर्षे, जमेल तसे, मी तिच्या आयुष्याचा माग काढत आले आहे.

तिचा जन्म १९२१ मध्ये मुबावू या खेड्यात झाला. हे खेडे आजच्या बुरुंडीत, रवांडाच्या सीमेजवळ आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून घेतलेला हा मुलूख, रुआंडा-उरुंडी, त्या वेळी बेल्जियमच्या ताब्यात होता. तिचे वडील मूळचे बास्तोन्यचे, पशुवैद्य म्हणून तिकडे नोकरीला गेलेले, आणि आई आफ्रिकी. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बास्तोन्यला आणले. तिची ओळख करून देताना ती बेल्जियममध्ये स्थलांतरित झाली असे लिहिले जाते, पण नऊ वर्षांची मुलगी स्थलांतर करत नाही, तिला नेले जाते, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बेल्जियमच्या वसाहतींत गोरा बाप आणि आफ्रिकी आई यांच्या पोटी जन्मलेल्या हजारो मुलांना आईपासून तोडून मिशनऱ्यांच्या संस्थांत ठेवले जात असे. त्याबद्दल बेल्जियमच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती थेट २०१९ मध्ये, आणि ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने अशा पाच स्त्रियांच्या दाव्यात या कृत्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले ते डिसेंबर २०२४ मध्ये. ऑगस्टाला वडिलांचे नाव, घर आणि शिक्षण मिळाले, हे त्या काळात सर्रास घडणारे नव्हते.

परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ती १९४० मध्ये लूव्हेनला आली. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मन फौजा देशात घुसल्या, त्यामुळे तिची उमेदवारीची सगळी वर्षे परक्या अंमलाखाली गेली. सप्टेंबर १९४४ मध्ये देश मोकळा झाला आणि डिसेंबरात, नाताळ घरच्यांबरोबर करावा म्हणून, ती मिळेल त्या वाहनाने बास्तोन्यला निघाली. ती घरी पोहोचली तो दिवस १६ डिसेंबरचा होता. त्याच पहाटे जर्मन सैन्याने आर्देनच्या जंगलातून आपले शेवटचे मोठे आक्रमण सुरू केले होते, आणि सात रस्ते एकत्र येत असल्यामुळे बास्तोन्य दोन्ही बाजूंना हवेच होते. चार-पाच दिवसांत गावाला वेढा पडला.

वेढ्यातल्या अमेरिकी फौजेकडे सैनिक होते, पण डॉक्टर नव्हते म्हटले तरी चालेल. १०१व्या हवाई डिव्हिजनचे शस्त्रक्रिया पथक १९ डिसेंबरच्या रात्री सामग्रीसह जर्मनांच्या हाती सापडले होते. दहाव्या चिलखती डिव्हिजनचा एक तरुण डॉक्टर, जॅक प्रायर, नोव्हिल गावातून मागे हटून बास्तोन्यला आला आणि त्याने एका दुकानाच्या इमारतीत जखमींसाठी जागा केली. शंभराच्या आसपास जखमी, औषधे संपत आलेली, शस्त्रक्रियेचा अनुभव असलेला माणूस जवळ नाही, अशा स्थितीत गावात कोणी परिचारिका आहे का याची चौकशी करत तो शिवींच्या दारात आला. ऑगस्टा निघाली. रने लमेरही तिथेच आली. तीही ब्रसेल्सहून सुट्टीसाठी घरी आलेली, याच गावची मुलगी होती.

पुढच्या दिवसांत त्या खोल्यांत काय चालले होते, हे प्रायरने नंतर लिहून ठेवले आहे. दोघींच्या कामातला फरकही त्याने नोंदवला आहे. ताज्या, भयानक जखमा पाहून रने मागे सरत असे. स्ट्रेचरवरच्या रुग्णांना पुसणे, भरवणे, औषध देणे हे काम तिने अंगावर घेतले होते. हाड बांधायचे, जखम झाकायची, वाहते रक्त थांबवायचे, तिथे मात्र दुसरी मुलगी सतत हजर असे. भूल देण्याचे औषध संपले तेव्हा कोन्याक ही ब्रँडी पाजून, सैनिकी सुऱ्याने अवयव कापावे लागले आणि त्या वेळी रुग्णाला धरून ठेवणाऱ्यांत ऑगस्टा होती. तिचे कपडे रक्ताने इतके भरले की शेवटी तिने अमेरिकी लष्कराचा गणवेश चढवला. त्या वेषात ती जर्मनांच्या हाती लागली असती तर तिला कोणती वागणूक मिळाली असती, याची कल्पना तिथल्या सर्वांना होती. पाच फुटांहूनही कमी उंचीची ही मुलगी जखमींना आणायला गोळीबारात बाहेरही गेली.

तिच्या हाताला लागलेला प्रत्येक रुग्ण कृतज्ञ होता असे नाही. अमेरिकी सैन्यात त्या काळी वर्णभेद नियमाने पाळला जाई आणि कृष्णवर्णीय परिचारिकांना गोऱ्या सैनिकांपासून दूर ठेवले जाई. काही जखमींनी तिने हात लावू नये असे सांगितले. ही लष्कराची नोकर नाही, स्वयंसेविका आहे, हिने उपचार केलेले नको असतील तर मरण पत्करा, अशा अर्थाचे उत्तर प्रायरने दिले आणि विषय संपवला.

२४ डिसेंबरच्या रात्री प्रायर शेजारच्या घरात होता. नाताळची पूर्वसंध्या आहे, शॅम्पेनची बाटली उघडू या, असे कोणीतरी सुचवले आणि पेले भरले जात असतानाच खोली डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाने उजळली. प्रायर आणि ऑगस्टा शेजारच्या घरात होते म्हणून वाचले. रने गेली. प्रायरने तिचा देह पांढऱ्या पॅराशूटच्या कापडात गुंडाळून तिच्या आईवडिलांच्या स्वाधीन केला. लग्नाच्या पोशाखासाठी असे एक पॅराशूट मिळावे, अशी तिची इच्छा होती.

रनेची आठवण गावाने मनापासून जपली आणि ती जपायलाच हवी होती. पण वाचलेल्या मुलीचे काय झाले, हे शोधताना मी पुन्हा पुन्हा अस्वस्थ होते. प्रायरच्या लेखनात ती ‘काँगोची मुलगी’ आहे, म्हणजे तिचा देशच चुकला. एका गाजलेल्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत तिच्यावरून घेतलेल्या पात्राचे नाव ॲना आहे, म्हणजे नावही गेले. युद्धाविषयी लिहिणाऱ्यांत तर ती त्या स्फोटातच गेली असा समज रूढ झाला. ज्या काळात हे सारे छापले आणि दाखवले जात होते त्या काळात ती बेल्जियममध्येच राहत होती, रुग्णालयात काम करत होती, पुढे तिने बेल्जियन सैनिकाशी लग्न केले, तिला दोन मुले झाली. आणि प्रायरशी तिचा पत्रव्यवहार चालू होता.

तिने स्वतः का सांगितले नाही, असे मला एका मैत्रिणीने विचारले. ऑगस्टाला युद्धानंतर बराच काळ बोलणेच अवघड झाले होते आणि बास्तोन्यचा विषय ती घरातही काढत नसे. पण सगळा दोष तिच्या मौनावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. सांगणाऱ्याला कोणीतरी विचारावेही लागते. बेल्जियममध्ये राहणाऱ्या मार्टिन किंग या ब्रिटिश इतिहासलेखकाने मालिकेतली ॲना खरी कोण, हा साधा प्रश्न विचारला, चिकाटीने शोध घेतला आणि ती त्याला एका वृद्धाश्रमात सापडली. तिला बोलते करायलाही त्याला बराच काळ लागला. त्यानंतर २०११ मध्ये बेल्जियमच्या राजाने तिला सरदारकी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी सैन्याने तिचा सन्मान केला. आपण केले ते अगदी साधे होते, कोणासाठीही केले असते, एवढेच तिने त्यावर सांगितले. २३ ऑगस्ट २०१५ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ती ब्रसेल्समध्ये वारली.

हे उत्तर मी आधी घरी ऐकले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सकाळपासून जखमी सोलापुरात येऊ लागले, तेव्हा आई सलग तीन दिवस घरी आली नव्हती. मी सात वर्षांची होते. चौथ्या दिवशी ती आली, मोरीत कोपरापर्यंत हात धूत बराच वेळ उभी राहिली आणि मग न जेवता झोपली. मोठेपणी मी दोनदा विचारले तेव्हा ‘काम होतं, केलं’ यापलीकडे ती गेली नाही, आणि मीही तिसऱ्यांदा विचारले नाही.

बास्तोन्यहून परतल्यावर मी तिला फोनवर ऑगस्टाची सगळी हकीकत सांगितली. ती मध्ये एकदाही बोलली नाही. माझे संपल्यावर तिने विचारले, “बॉम्ब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेली का गं?”

गेली, मी म्हणाले. उरलेल्या जखमींना गावातल्या लष्करी बराकीत हलवले होते, तिथे ती पुढेही काम करत राहिली.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे बेड संपले होते. व्हरांड्यात सतरंज्या टाकून घेतलं होतं सगळ्यांना,” आणि त्या रात्री ती पाऊण तास बोलत होती.