कॅमेरा असला की उभं राहता येतं

कोल्हापुरात बाईला रस्त्यावर नुसतं उभं राहायचं असेल तर कारण लागतं. रिक्षा यायचीय, पोराची शाळा सुटायचीय, नाहीतर कानाला फोन तरी पाहिजे. गळ्यात कॅमेरा अडकवला की हा प्रश्न मिटतो. कुणी विचारलंच तर "कुठल्या पेपरच्या मॅडम?" एवढंच. शहरातल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढून एक छोटं प्रदर्शन लावायचं मनात घेतलं, तेव्हा हा फायदा धरलेला नव्हता. पुढं सगळं कामच त्याच्याभोवती फिरलं.

सुरुवात गंगावेशच्या दूध कट्ट्यापासून केली, कारण तिथं कॅमेऱ्याचं कुणाला नवल नाही. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा. फोटोला मात्र अवघड जागा. फेस पांढराफेक, म्हैस काळीभोर, आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर दोघींपैकी एकीचंच ऐकतो. मी उजेड फेसावर धरला. म्हैस अंधारात गेली तर जाऊ दे म्हटलं. त्या फोटोत आता ग्लास, ग्लास धरलेली मूठ आणि मागं एक ओलं नाक एवढंच दिसतं. मला तो सगळ्यात आवडतो. ज्यांचा ग्लास होता ते पैलवान म्हणाले, "मॅडम, माझं तोंडच न्हाई की ह्यात!" त्यांना वेगळा काढून दिला.

चार बाय सहाच्या प्रिंट काढून पिशवीत ठेवायच्या आणि पुढच्या फेरीत ज्याच्या त्याला नेऊन द्यायच्या, ही सवय तिथूनच लागली. असले फोटो काढणाऱ्यांना एकच सांगेन: लेन्स नंतर घ्या, आधी प्रिंट वाटा. मोबाईलवर पाठवलेला फोटो वर सरकून जातो. कागदाचा फोटो आरशाच्या कडेला खोचला जातो आणि पुढच्या वेळी तुम्हाला चहा मिळतो.

चपलांच्या फोटोंसाठी सगळे पापाच्या तिकटीला जातात. तिथं चपला दिसतात, करणारे क्वचितच. म्हणून मी सुभाषनगरात गेले. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालायचं काम बऱ्याच घरांत बायकांकडं असतं. एक काकी दारातल्या उजेडात बसल्या होत्या. पट्टीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलेलं, बोटं चालू, नजर गल्लीत. विचारलं, फोटो काढू का?

"हात काढा. तोंड नको."

"का ओ काकी?"

"लेक बघंल मोबाईलवर. म्हणंल, ह्याच साडीवर बसल्यालीस व्हय!"

हातच काढले. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. मग 2025च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली, श्रेय दिलं नाही म्हणून गदारोळ झाला, आणि नंतर कंपनीनं प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं. गावाचं नाव राहिलं, बरंच झालं. वेणी कुणी घातली हा प्रश्न त्या सगळ्या चर्चेत मला तरी कुठं दिसला नाही.

पावसाळ्यात शिवाजी पुलावर गेले. त्या दिवसांत इथं 'जेवलासा काय?'च्या आधी 'किती फूट?' विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, पोरासोरांनाही पाठ. 2019 आणि 2021च्या महापुरांनंतर तर जास्तच. तरीही पाणी वाढलं की अख्खं शहर ते बघायला येतं. भाजलेलं कणीस, एका छत्रीत चौघं, पाण्याकडं पाठ करून सेल्फी. मीही पाण्याकडं पाठ केली आणि बघणाऱ्यांचे फोटो काढले. तिथं बायका निवांत उभ्या होत्या, तासभर. पूर बघायला कारण लागत नाही, हे मजेशीरच. खालच्या गल्लीतून गॅसची टाकी आणि ट्रंक घेऊन एक कुटुंब वर येत होतं. त्यांच्यावर कॅमेरा उचलला नाही. परवानगी मागायची ती वेळच नव्हती.

हिवाळ्यात कसबा बावड्याकडं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या तशी तोडकऱ्यांच्या खोपटांकडं वळले. तिथं पोरांचे चेहरे घ्यायचे नाहीत हे आधीच पक्कं होतं. ऐन शाळेच्या दिवसात ती फडात असतात, हे दाखवायला चेहरा लागत नाही. खोपटाच्या दोरीवर वाळत घातलेला शाळेचा गणवेश पुरला.

निवड करायला बसले तेव्हा सगळ्या प्रिंट घरात जमिनीवर मांडल्या. आई चहा घेऊन आली, फोटोंना वळसा घालून एक फेरी मारली आणि म्हणाली, "ह्यात रिकामी बसल्याली बाई एकबी न्हाई की गं."

खरंच नव्हती. पुरुष तालमीच्या कट्ट्यावर, पानाच्या टपरीशी, रंकाळ्याच्या कठड्यावर, लावलेल्या गाडीवरसुद्धा बसलेले. बायका चाललेल्या, हातात पिशवी, कडेवर पोर, डोक्यावर बुट्टी. बसलेल्या होत्या त्या भाजी विकत होत्या किंवा वेणी घालत होत्या. मग मांडणी ठरवायला वेळ लागला नाही. एका भिंतीवर बसलेले, समोरच्या भिंतीवर चाललेल्या. फोटोखाली जागा आणि वेळ, बाकी अक्षर नाही.

पुढचं काम हमालीचं. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचं कलादालन ठरवलं. अर्ज, भाडं, तारीख. दिव्यांची चमक येऊ नये म्हणून मॅट कागद, बारा बाय अठरा, मागं सनबोर्ड. सगळ्या फोटोंची वरची कड एका रेषेत आणायला भावाला कामाला लावलं. तो शिव्या देत दोऱ्या बांधत होता.

बघायला आलेल्यांतले निम्मे ओळखीचे चेहरे शोधत होते. "ह्यो आमच्या तालमीचा!" म्हणून हाका मारून माणसं बोलावली गेली. एक आजोबा नाराज झाले. अंबाबाईचं देऊळ नाही, तांबडा-पांढरा नाही, मग कोल्हापूर कसलं? त्यांना काय सांगणार, देवळाचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत.

शेवटच्या दिवशी कॉलेजच्या तीन मुली आल्या. दोन्ही भिंती बघून झाल्यावर त्यातली एक मध्ये उभी राहिली.

"ताई, रंकाळ्यावर आम्हीपण बसू की नुसत्या. पण मग तुम्हीच येऊन फोटो काढाल."

काढलाच असता.