ब्रिजमध्ये लय कुठे गळते?

तक्रार ड्रमरविरुद्ध होती. ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स असा पाच जणांचा ग्रुप, आणि पियानो वाजवणाऱ्या मुलीनं स्वतः लिहिलेली ट्यून. सी मायनर, स्विंग, टेम्पो १८४, म्हणजे मिनिटाला १८४ बीट. घाट जॅझमधला नेहमीचा: आठ बारचा (एक बार म्हणजे चार बीट) ए भाग दोनदा, मग आठ बारचा ब्रिज, म्हणजे वेगळ्या चालीचा मधला भाग, शेवटी पुन्हा ए. एकूण ३२ बार. ए भाग छान पळायचा आणि ब्रिज आला की ट्यूनच्या पायात कोणीतरी दगड बांधल्यासारखं व्हायचं. "ड्रम्स मागे पडतात," असं ग्रुपमधल्या तिघांचं ठाम मत. ट्यून ऐकून दोष नेमका कुठे आहे ते सांगायला मला अंधेरीतल्या एका रिहर्सल रूमवर बोलावलं होतं. रूम तासाच्या भाड्यानं घेतलेली, त्यामुळे गप्पांना वाव नव्हता.

अशा कामात माझी पहिली अट असते की संगीतकारानं आधी काहीही समजावून सांगायचं नाही. "इथे मला पहिल्या पावसाचा फील हवाय" हे एकदा कानावर पडलं की ऐकणारा नोट्स सोडून पाऊस शोधत बसतो. पहिली फेरी न थांबता वाजवायची, चुकलं तरी शेवट गाठायचा. फोन मध्यभागी ठेवून रेकॉर्डिंग करायचं. फेरी संपली की प्रत्येकानं आपण कुठे हरवलो त्या बारचे नंबर फक्त सांगायचे. कारण सांगायचं नाही, इलाज तर मुळीच नाही. इलाज आधी आला की सगळे त्या इलाजावर भांडतात आणि दुखणं तपासायचं राहून जातं.

नंबर आले ते असे. ट्रम्पेट: १९ आणि २१. टेनर: २० ते २२. बास: ३, ११, २७. ड्रमर म्हणाला, "१७ ते २४ सगळंच, पण का ते कळत नाही." पियानोवाल्या मुलीचा एकही नंबर नव्हता, आणि ते साहजिकच होतं. स्वतः लिहिलेल्या ट्यूनमध्ये कोणी हरवत नाही.

मग रेकॉर्डिंगवर स्टॉपवॉच लावलं. १८४ च्या टेम्पोला आठ बार, म्हणजे ३२ बीट, १०.४ सेकंदांत व्हायला हवेत. पहिला ए १०.४, दुसरा ए १०.४, ब्रिज ११.१, शेवटचा ए पुन्हा १०.४. ब्रिजचा हिशेब केला तर टेम्पो १७३ वर उतरलेला. इथे खरं लक्ष जायला हवं ते शेवटच्या आकड्याकडे. ड्रमरचा हात जड असता किंवा तो थकला असता, तर ब्रिजनंतर टेम्पो आपोआप मूळ जागी आला नसता. लय घसरत नव्हती. ती ब्रिजपुरती बसायची आणि ए आला की उठायची, म्हणजे ब्रिजच्या कागदावरच काहीतरी होतं.

ब्रिज सुटा काढला. नुसते बास आणि ड्रम्स: १०.४. पियानो घातला: १०.५. दोन्ही हॉर्न, म्हणजे ट्रम्पेट आणि टेनर, घातले: ११.१. मग बास आणि पियानो गप्प, फक्त हॉर्न आणि ड्रम्स: ११ च्या आसपास. ड्रमर निर्दोष सुटला. उलट त्याचा कान चांगला असल्यामुळेच तो हॉर्नसाठी थांबत होता. कमी ऐकणारा ड्रमर असता तर १८४ वर पुढे निघून गेला असता आणि सगळ्यांना हॉर्नचा उशीर स्वच्छ दिसला असता.

आता पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचे नोट्सचे कागद, पाहिले. ब्रिजच्या आठ बारमध्ये एट्थ नोट्सची, म्हणजे अर्ध्या बीटच्या नोट्सची, सलग माळ. ६४ जागांपैकी ६१ भरलेल्या आणि एक पूर्ण बीटचा विराम कुठेही नाही. ट्यून पियानोवर सुचलेली होती, आणि पियानो वाजवताना फुप्फुसांचा संबंध येत नाही. नोटेशनच्या सॉफ्टवेअरनंही ती बिनतक्रार वाजवून दाखवली होती. ट्रम्पेटवाले अंकल स्टुडिओत मुरलेले गोंयकार, काहीही लिहा, पहिल्या वाचनात वाजवतात. ते एवढंच म्हणाले, "श्वास कुठे घेऊ ते लिही, बाकी माझ्यावर सोड." १८४ ला एक बीट म्हणजे साधारण सेकंदाचा तिसरा भाग. घाईचा श्वास त्यात बसतो, एट्थ नोटच्या जागेत बसत नाही. म्हणून ते १८ व्या बारची शेवटची नोट तोडून श्वास ओढत आणि १९ मध्ये किंचित उशिरा शिरत. २१ लाही तेच. दर दोन बारला थोडं थोडं साचत जाऊन आठ बारमध्ये ते पाऊण सेकंदाच्या घरात जात होतं.

टेनरची अडचण निराळी. दोन्ही हॉर्न युनिसनमध्ये, म्हणजे अगदी त्याच उंचीवर लिहिले होते, आणि ब्रिजची चाल पियानोच्या मधल्या सीच्या वरच्या सीपासून त्यावरच्या एफपर्यंत चढत होती. ट्रम्पेटला हा पट्टा सोयीचा. टेनर मात्र बी फ्लॅट वाद्य असून लिहिल्यापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर खाली वाजतं, त्यामुळे त्याच्या कागदावर त्या नोट्स वरच्या डीपासून जीपर्यंत जातात. टेनरच्या कीज एफपर्यंत, नव्या वाद्यांत एफ शार्पपर्यंत पुरतात. जी म्हणजे अल्टिसिमो, वाद्याच्या नेहमीच्या पट्ट्यापलीकडे: वेगळं फिंगरिंग, घसा आणि ओठांची वेगळी जुळणी. त्याखालच्या नोट्स डाव्या तळहातानं दाबायच्या पाम कीजवर. हे सगळं एट्थ नोट्समध्ये, १८४ ला. सराव केला तर जमतं, पण ऐकणाऱ्याला चाल ऐकू येत नाही, कसरत ऐकू येते.

मी सुचवलं, १९, २१ आणि २३ या तीन बारमधला पहिला बीट रिकामा ठेव. पियानोवाल्या मुलीला ते पटेना, "त्याच नोट्समुळे तर ती चाल आहे." वाद घालण्यापेक्षा तिला म्हटलं, पियानोवरून हात काढ आणि ब्रिज गाऊन दाखव, शब्द नकोत, नुसतं दा-बा-दा. ती गायली. १९ ला श्वास घेतला, पहिल्या दोन नोट्स गिळल्या. २१ ला पुन्हा तेच. रेकॉर्डिंग तिलाच ऐकवलं आणि तिनं पेन्सिल उचलली.

मग फक्त ट्रम्पेट आणि बास असा ब्रिज वाजवला. ही चाचणी मी प्रत्येक नव्या ट्यूनला लावतो. कॉर्ड्सचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचं, भरजरी अस्तर काढलं की शिवण दिसते. १८, २०, २२ आणि २३ या चार बारमध्ये चाल नेमकी कॉर्डच्या मूळ स्वरावर उतरत होती, त्याच बीटवर बासही तोच स्वर वाजवत होता. परिणाम पोकळ. २३ चा पहिला बीट आता रिकामाच झाला होता. २० मध्ये तिला म्हटलं, १९ मधला सी पुढे धरून ठेव. डी फ्लॅट मेजर सेव्हन कॉर्डवर तो सातवा स्वर होतो, कॉर्डला रंग देतो आणि ट्रम्पेटला एक लांब नोट मिळते. १८ आणि २२ तसेच ठेवले. सगळीकडे दुरुस्ती केली की ट्यून दुरुस्तीचीच होते.

टेनरला चालीतून बाहेर काढून खाली आणलं आणि प्रत्येक कॉर्डचा तिसरा किंवा सातवा स्वर दिला, बारला एक. ब्रिजच्या कॉर्ड्स होत्या बी फ्लॅट मायनर सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन, ए फ्लॅट मेजर सेव्हन, डी फ्लॅट मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, जी सेव्हन. त्यातून निघालेली ओळ: ए फ्लॅट, जी, जी, एफ, जी, एफ शार्प, एफ, एफ. पाचव्या बारला एक पायरी वर, बाकी सगळी पावलं उतरती किंवा जागच्या जागी. ही ओळ एकटी वाजवली तरी कॉर्ड्स बदलताना ऐकू येतात. जॅझच्या वर्गात हिला गाइड टोन लाइन म्हणतात. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत मुख्य सुरावटीमागे फिरणाऱ्या अशा ओळीला जुने वादक ऑब्लिगाटो म्हणत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत अरेंजर सेबॅस्टियन डिसूझांनी केलेलं काम ऐकलं, तर एक साधी ओळ मागून काय करू शकते ते कळतं. अंकलनी त्या ओळीकडे पाहून मान डोलावली, पण टेनरवाल्याचं तोंड जरा उतरलं. आठ बारमध्ये आठ नोट्स कोणाला आवडतील? त्याला शेवटच्या ए भागात चाल एकट्याला दिली.

बासवाल्याच्या ३, ११ आणि २७ चं उत्तर सोपं निघालं. ए भागातल्या बासच्या फिगरमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ओळीत, तिनं खालचा ई फ्लॅट लिहिला होता. चार तारांच्या डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार ई. त्याखाली वाद्यच नाही. सी मायनरमध्ये ही चूक हमखास होते, कारण ई फ्लॅट कॉर्डमध्येच आहे आणि कॉम्प्युटर तो बिनदिक्कत वाजवतो. बासवाला ऐनवेळी तो एक सप्तक वर घेत होता, त्यामुळे खाली उतरणारी फिगर शेवटी अचानक वर उडी मारायची. ट्यून एक स्वर वर, डी मायनरमध्ये नेली तर त्या जागी एफ येतो आणि प्रश्न मिटतो. पण मग ट्रम्पेटचा ब्रिज आणखी चढतो, आणि हेड, म्हणजे लिहिलेली मूळ चाल, दोनदा वाजवून वर सोलो (ऐनवेळी सुचेल ते वाजवणं) म्हटल्यावर ओठ टिकायला हवेत. म्हणून सूर तोच ठेवून फिगर उलटवली: सी, वर ई फ्लॅट, मग खाली जी. उतार राहिला, उडी गेली.

एक जागा कोणाच्याच यादीत नव्हती. पाचव्या बारला कॉर्ड ई फ्लॅट मेजर सेव्हन आणि ट्रम्पेट तीन बीट ए फ्लॅट धरून. पियानोच्या डाव्या हातात जी. या दोन स्वरांत मायनर नाइन्थचं, म्हणजे सप्तकाहून अर्धा स्वर जास्त, अंतर पडतं आणि ते बोचतं. सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकमध्ये पियानो हळू असल्यानं झाकलं गेलं होतं, रूममध्ये स्पष्ट खरखरत होतं. तीन वाटा होत्या. चालीत ए नॅचरल घ्यायचा, पण मग सी मायनरच्या अंधारात एकदम दिवा लागतो. पियानोनं जी गाळायचा, पण मग पुढच्या प्रत्येक पियानिस्टला ते सांगत बसावं लागतं. किंवा कॉर्ड बदलून बी फ्लॅट सेव्हन सस (तिसऱ्या स्वराऐवजी चौथा) करायची, म्हणजे तोच ए फ्लॅट तिचा सातवा स्वर होतो, आणि ई फ्लॅट एक बार उशिरा, सहाव्यात आणायची, जिथे चाल तशीही जीवर उतरते. तिनं तिसरी वाट घेतली. माझंही मत तेच होतं, पण निवड तिची असायला हवी होती.

सोलोंकडे वेळ कमी मिळाला. हेडच्या ए भागात बहुतेक बारला दोन कॉर्ड होत्या. चालीखाली त्या शोभतात, पण सोलो करणाऱ्याला प्रत्येक कॉर्डला ०.६५ सेकंद मिळतात. टेनरवाला कॉर्डचे स्वर वर-खाली मोजत राहिला, एक वाक्य पुरं झालं नाही. हेडच्या आणि सोलोच्या कॉर्ड्स सारख्याच असायला हव्यात असा काही दंडक नाही. सोलोसाठी चार बार नुसती सी मायनर सेव्हन, मग बारला एक कॉर्ड, असं वेगळं पान लिहायला सांगितलं.

पार्टच्या मांडणीबद्दल मी कडक आहे. सॉफ्टवेअरनं एका ओळीत पाच, दुसरीत सहा, तिसरीत तीन बार ठेवले होते. ओळीला चार बार, प्रत्येक भागाच्या तोंडाशी दुहेरी रेघ आणि अक्षर, ओळीच्या सुरुवातीला बार नंबर, एवढं केलं तर निम्मे हरवलेले लोक सापडतात. ड्रम्सच्या पार्टमध्ये राइड सिंबलचा, म्हणजे सतत ठेका धरणाऱ्या झांजेचा, प्रत्येक ठोका लिहिलेला होता. तो कोणीही वाचत नाही. तिथे नुसत्या तिरप्या रेघा हव्यात आणि वर हॉर्नचे मोजके धक्के. दुसऱ्या फेरीत शेवटाला गोंधळ झाला, कारण कोडाची, म्हणजे शेवटच्या तुकड्यावर उडी मारायची, खूण चार पार्टमध्ये होती आणि ड्रम्सच्या पार्टमध्ये नव्हती. चौघं कोडात, ड्रमर ३१ व्या बारमध्ये. तिला सांगितलं, शेवटचं हेड पूर्ण ३२ बार छाप, मागे-पुढे उड्या नकोतच. कागद वाचवायच्या नादात रूमचं भाडं वाया जातं.

तिसऱ्या फेरीला ब्रिज १०.५ वर आला. ड्रमरला कोणी सॉरी म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं. इन्ट्रोचे आठ बार मात्र वादात राहिले. अंकलचं म्हणणं, ते काढून टाक, बासची नवी फिगर चार बार एकटी वाजू दे. तिला हॉर्नचा इन्ट्रो हवा होता. पुढच्या रिहर्सलला दोन्ही तऱ्हा रेकॉर्ड करून मग ठरवायचं, एवढ्यावर रूमची वेळ संपली.