सोन्याला चुंबक चिकटत नाही

परक्या शहरात सुट्टीला गेलं की दिवसाचं काही अडत नाही. वस्तुसंग्रहालयं असतात, किल्ले असतात, बागा असतात, आणि ‘इथवर आलोच आहोत तर’ म्हणून उरकायच्या दहा गोष्टी असतात. पंचाईत होते ती संध्याकाळी. पाय बोलायला लागलेले असतात, झोपायला अवकाश असतो आणि हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघायला काही आपण एवढ्या लांब आलेलो नसतो. अशा वेळी माणूस ज्याचं तिकीट स्वतःच्या गावात उभ्या आयुष्यात काढणार नाही, त्याचं तिकीट काढतो. आम्ही जादूच्या प्रयोगाचं काढलं.

आम्ही म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि माझी आत्या. उशिरा काढल्यामुळे खुर्च्या अगदी कडेच्या मिळाल्या. नवऱ्याला त्याचाच आनंद झाला. कडेला बसलं की बाजूने सगळं दिसतं, म्हणजे आज पितळ उघडं पडणार. प्रत्यक्षात आमच्या खुर्च्यांवरून विंगेतला एक पट्टा तेवढा दिसत होता, आणि त्या पट्ट्यात स्टुलावर एक माणूस पाण्याची बाटली घेऊन बसला होता. रंगमंचावर बाई हवेत तरंगत होती, सभागृह श्वास रोखून बसलं होतं, आणि हा गृहस्थ बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होता. संपूर्ण प्रयोगात त्याने एकदाही रंगमंचाकडे पाहिलं नाही. मला अधूनमधून त्याच्याकडेच बघत बसावंसं वाटलं.

नवऱ्याचं ठाम मत आहे, की जगातली प्रत्येक जादू चुंबकाने होते. टेबल उचललं गेलं, चुंबक. घड्याळ बंद पडलं, चुंबक. कबुतर निघालं तेव्हाही त्याने तोंड उघडलं होतं, पण मी कोपर मारलं. त्याची बाजू घ्यायची तर या मताला इतिहासात थोडा आधार आहे. रॉबेर-उदँ नावाचा फ्रेंच घड्याळजी होता. १८४५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये जादूचं स्वतःचं थिएटर काढलं. ताऱ्याचांदण्यांचे झगे सोडून बड्या लोकांसारखा संध्याकाळचा साधा, टापटीप पोशाख घालून तो प्रयोग करी, आणि आज जादूगार म्हटल्यावर जो काळा कोट डोळ्यांसमोर येतो, तो रूढ होण्यात त्याचा मोठा हात आहे. त्याच्याकडे एक लहानशी पेटी होती. ती पोरानेही उचलावी, आणि मग त्याने हुकूम सोडला की पहिलवानालाही हलू नये. खाली विद्युतचुंबक होतं. लोकांनी तेव्हा ते पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे पेटीने काम चोख बजावलं. इतकं, की १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियाला धाडलं, कशाला, तर आमची जादू तुमच्या साधूफकिरांपेक्षा मोठी आहे हे तिथल्या लोकांना दाखवायला. सरकारं कशाकशावर विसंबतात बघा.

पण मला आवडतो तो या पेटीचा पुढचा भाग. काही वर्षांनी विद्युतचुंबकाची माहिती लोकांना व्हायला लागली. प्रेक्षकांत माझ्या नवऱ्याचे पूर्वज दिसू लागले असणार. तेव्हा रॉबेर-उदँने पेटी छताच्या कप्पीवरून दोरीला टांगून दाखवायला सुरुवात केली. हवेत लोंबकळणाऱ्या पेटीला खालचं चुंबक काय करणार? म्हणजे अर्धवट माहिती असलेल्या माणसासाठी वेगळी सोय. ज्याला काहीच ठाऊक नाही तो एकदा फसतो. ज्याला थोडं ठाऊक आहे त्याला त्याच्या माहितीसकट फसवता येतं.

मध्यंतराच्या आधी जादूगाराने एक अगदी साधा खेळ केला. हातात लाल चेंडू. वर उडवला, झेलला. पुन्हा उडवला, झेलला. तिसऱ्यांदा उडवला आणि चेंडू हवेतच विरला. मी तो वर जाताना पाहिला, नवऱ्याने पाहिला, पुढच्या रांगेतल्या बाईंनी तर बोटाने जागाही दाखवली. आमचे चिरंजीव तेवढे म्हणाले, “त्याने टाकलाच नाही.” आम्ही त्याला गप्प केलं.

पोरगं बरोबर होतं. या खेळावर ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वेळी चेंडू हातातच राहतो. वर जाते ती फक्त जादूगाराची नजर. तरीही साधारण दोन तृतीयांश लोक शपथेवर सांगतात, की चेंडू वर जाताना आम्ही पाहिला. त्याने नजर वर नेली नाही, खाली हाताकडे ठेवली, तर असं सांगणारे निम्म्यावर येतात. त्याहून मजा पुढे आहे. बघणाऱ्यांचे डोळे कुठे वळतात हे यंत्राने टिपलं, तेव्हा चेंडू जिथे ‘दिसला’ असं लोक म्हणत होते तिथे बहुतेकांचे डोळे गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या तोंडाकडे बघत होते. डोळे फसले नाहीत, माणूस फसला. समोरचा वर बघतोय म्हणजे वर काहीतरी असणार, हा आपला एकमेकांवरचा विश्वास, आणि जादूगाराचं पोट त्यावर चालतं. लहान मुलांपुढे प्रयोग करणं अवघड, असं जादूगार म्हणतात ते उगीच नाही. तू तिकडे बघ म्हटल्यावर तिकडे बघायचं असतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं नसतं.

मध्यंतरानंतर पेटी आली. तीच ती, आडवी, चाकांवरची. बाई आत झोपली, एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला पाय. मध्ये करवत. मी कडेला असल्यामुळे मला तिचे पाय नीट दिसत होते: चंदेरी बूट, त्यातल्या एकाची पट्टी निसटलेली. करवत फिरत असताना तो बूट ठरल्या वेळी हलत होता, चेहरा ठरल्या वेळी हसत होता. हा खेळ ज्याच्या नावावर लागतो तो त्याचा नसतो, असं मला तेव्हा वाटलं. जादूगार हातवारे करतो. अंगाची घडी घालून, श्वास धरून, वर हसायचं कुणी, तर तिने. टाळ्या मिळाल्या तेव्हा ती अर्धं पाऊल मागे उभी होती आणि पायानेच बुटाची पट्टी सारखी करत होती.

हा खेळ शंभरी ओलांडलेला आहे. लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये जानेवारी १९२१ मध्ये पी. टी. सेल्बिट या जादूगाराने तो जाहीरपणे पहिल्यांदा केला, आणि गिऱ्हाईक जमवायला थिएटरबाहेरच्या गटारात लाल पाण्याच्या बादल्या ओतवल्या. रुग्णवाहिकाही फिरवल्या. लगोलग अमेरिकेत होरेस गोल्डिनने स्वतःची आवृत्ती आणली. इतरांनी ती उचलू नये म्हणून १९२३ मध्ये चक्क पेटंट घेतलं. आता पेटंटचा कागद म्हणजे सगळ्या जगाला वाचायला मोकळा. त्यात युक्ती आकृतीसकट लिहून द्यावी लागते. दहा वर्षांनी एका सिगारेट कंपनीने जाहिरातींतून जादूंची गुपितं फोडायला सुरुवात केली, त्यात ही पेटीही आली. फसण्यात मजा आहे, पण कळण्यात जास्त मजा आहे, अशा अर्थाचं जाहिरातीचं घोषवाक्य. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये हरला. गुपित तुम्हीच कागदावर मांडून ठेवलंय, मग आता गुपित कसलं?

पण एवढं होऊन खेळ मेला का? नाही. १९५६ च्या एप्रिलमध्ये आपले जादूगार पी. सी. सरकार यांनी तो लंडनमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात केला. मुलगी करवतीखाली, करवत आरपार, आणि मुलगी उठायच्या आतच निवेदक कॅमेऱ्यापुढे आला आणि त्याने कार्यक्रम संपला म्हणून निरोप घेतला. मुलगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी तुंबल्या. सरकार यांनी वेळेचं गणित मुद्दाम तसं जमवलं होतं असं मानलं जातं. दुसऱ्या दिवशी पेपरांत तीच बातमी, आणि थिएटरमधल्या प्रयोगांना गर्दी. पेटंट छापून तेहतीस वर्षं झाली होती. सिगारेटच्या जाहिराती घरोघर पोचून बावीस-तेवीस वर्षं झाली होती. फोन करणाऱ्यांपैकी कुणालाही तो कागद आठवला नाही.

तेव्हा त्या घोषवाक्याशी माझं काही जमत नाही. कळण्यात जास्त मजा असती तर आज मोबाइलवर दोन मिनिटांत हवी ती युक्ती सापडत असताना त्या थिएटरच्या कडेच्या खुर्च्याही भरल्या नसत्या. आणि याचा सज्जड पुरावा आमच्या घरात आहे. त्याचं नाव आत्या.

आत्या आयुष्यभर बँकेत कॅशियर होती. खोटी नोट ती बघत नसे. बंडल मोजता मोजता अंगठाच थांबे. तिला कुणी गंडवल्याचं ऐकिवात नाही. गुडघ्यामुळे ती वाटेलगतच्या खुर्चीवर बसली होती, आणि जादूगार अंगठी मागत खाली उतरला तो नेमका तिच्याचपुढे थांबला. आत्याने बोटातली अंगठी काढून दिली, दिली म्हणजे कशी, तर आधी त्याचा तळहात उलटापालटा करून बघितला आणि मग दिली. लोक हसले. तिला हात धरून वर नेलं. अंगठी रुमालात गुंडाळली, रुमाल आत्याच्या मुठीत. “आहे का आत?” “आहे.” मग तिच्यापुढे माईक धरण्यासाठी तो वाकला, आमच्याकडे जरा पाठ झाली, आणि कडेला बसल्याचा एकुलता एक फायदा मला त्या क्षणी झाला. त्याचे ओठ हलले. माईक बाजूला होता.

आत्याच्या भुवया वर गेल्या. मग चेहरा एकदम गंभीर झाला, दिवसाचा हिशेब जुळल्यावर व्हायचा तसा. त्याने रुमाल झटकला: रिकामा. रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पहिल्यापासून एक पेटी ठेवली होती. ती उघडली, आत दुसरी, तिच्यात तिसरी, तिच्यात मखमलीवर अंगठी. आत्याने “अगं बाई!” असा उद्गार काढला आणि छातीवर हात ठेवला. आत्याला मी जन्मापासून ओळखते. असा उद्गार तिने माझ्या देखत कधी काढलेला नाही.

ती खाली आली तेव्हा अंगठी ट्यूबलाइटकडे धरून निरखत होती. मी विचारलं, “काय गं, कानात काय म्हणाला तो?”

“कोण?”

“जादूगार.”

“काही नाही. माईक नीट लागतोय का विचारत होता.”

नवरा वाटच बघत होता. “आत्या, चुंबक होतं ना?”

“जावईबापू,” आत्या म्हणाली, “सोन्याला कधी चुंबक चिकटलेलं बघितलंय का?”

प्रयोग संपेपर्यंत नवरा एक अक्षर बोलला नाही.

रंगमंचावर बोलावलेल्या माणसाला दोन शब्द हळूच सांगून आपल्यात सामील करून घेणं ही जादूगारांची जुनी, माहितीतली पद्धत आहे. तेव्हा आत्याला काय सांगितलं असेल याचा अंदाज मी बांधू शकते. पण अंदाज वेगळा आणि आत्याने सांगणं वेगळं. पुढचे सगळे दिवस मी प्रयत्न केला: नाश्त्याला, बागेत, परतीच्या गाडीत ती पेंगत असताना. लंडनमध्ये १९०५ पासून जादूगारांची एक संस्था आहे, मॅजिक सर्कल. तिथे गुपित फोडणाऱ्या सभासदाला काढून टाकतात. आत्याला ना सभासदत्व, ना शपथ, ना तो मनुष्य पुन्हा भेटण्याची शक्यता. आम्ही तिच्या रक्ताची माणसं, आणि तो दहा सेकंदांच्या ओळखीचा. तिने त्याची बाजू धरली ती धरलीच. मला आधी राग आला आणि मग हेवा वाटला. सगळ्या सभागृहात खरी मजा कुणाला आली असेल तर तिला.

घरी आल्यावर ती हकिगत सांगू लागली, आणि हकिगत वाढू लागली. आधी पेट्या तीन होत्या. मग पाच झाल्या. मग सगळ्यात मोठी छताला टांगलेली निघाली, रॉबेर-उदँच्या पेटीसारखी, आणि त्याचं नावही तिने ऐकलेलं नाही. हवेत उभ्या राहणाऱ्या दोरखंडाची भारतीय जादू स्वतः पाहिल्याचं सांगणाऱ्यांच्या हकिगती दोन अभ्यासकांनी तपासल्या होत्या, १९९६ मध्ये ते छापून आलं. पाहिल्याला जितकी वर्षं लोटलेली, तितकी हकिगत अचाट. आत्याला वर्षं लागली नाहीत, महिन्यातच तिने मजल गाठली. जादूगार तर आता तिच्या दहा हात जवळही आला नव्हता.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. आत्याने पेट्यांना कुलुपं घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “होती ना गं कुलुपं?”

“प्रत्येकीला दोन-दोन,” मी म्हटलं.