‘फुकट करतात हो ते, नावं कशाला ठेवता?’

कोल्हापुरात पेठेतल्या फुटबॉलची बातमी कुणाला शोधावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की दुसऱ्या दिवशी गोल कुणी मारला, कुणी चुकवला ते सगळं पेपरात येतं, आणि त्याआधीच चहाच्या गाड्यावर त्याचा निकाल लागलेला असतो. नेमबाजीचं तसं नाही. एअर रायफलची स्पर्धा बघायला गेलात तर दिसतं काय? जाड जॅकेट घालून रांगेत पाठमोरी उभी असलेली पोरं. त्यात बघणाऱ्यानं ओरडायचं तरी कधी, हेच कळत नाही.

म्हणून आम्ही तिघं जिल्ह्यातल्या नेमबाजीचे निकाल गोळा करून चार पानांची पीडीएफ काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतो. मी दिवसभर लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवणारा डीटीपीवाला. दुसऱ्या, एका कॉलेजातल्या प्राध्यापिका. तिसरी पूर्वी स्वतः रायफल चालवणारी मुलगी, खेळातलं खरं कळतं ते तिलाच. पैसे कुणालाच मिळत नाहीत.

त्यामुळं कुणी आमची चूक काढली की आमच्या बाजूचा एखादा लगेच धावून येतो, ‘अहो, फुकट करतात हो ते, नावं कशाला ठेवता?’ हेतू चांगला असतो, पण मला ते शिवीपेक्षा जास्त लागतं. उद्या एखाद्या मुलीचे एअर रायफलचे ६२१.३ गुण आम्ही ६१२.३ छापले, तर आम्ही पगार घेत नाही म्हणून तिचे नऊ गुण भरून निघणार आहेत का? फुकट आहे म्हणून कसंही चालेल, असं वाचकानंच ठरवलं तर आम्ही रात्री जागून आकडे ताडून बघायचे कशाला?

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळालं ते हे. त्या आठवड्यात आमचे वाचक एकदम वाढले. गंगावेशीतल्या एका किराणा दुकानदारानं विचारलं, ‘पात्रता फेरीत ५९०, फायनलला ४५१.४. पोरगं खाली आलं की! मग पदक कसं?’ जाणकारांनी त्याची टर उडवली. मला तर तो प्रश्न फार आवडला. पेपर आणि टीव्ही आकडे फेकून मोकळे झाले होते, ते आकडे वाचून अडला तो हाच एक माणूस.

त्याचं उत्तर आम्ही पुढच्या अंकात पहिल्या पानावर दिलं. पात्रता फेरीत गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या. एका गोळीला फार तर १०, दशांश नाही, म्हणजे एकूण ६००. त्यात स्वप्नील सातवा होता. फायनलला आठ जण जातात आणि तिथं पाटी कोरी होते, आधीच्या गुणांना किंमत नाही. गुण दशांशात, एका गोळीला १०.९ पर्यंत. पॅरिसला ४० गोळ्या झाल्यावर खालचे दोघं बाहेर गेले, मग प्रत्येक गोळीमागं एकेक. तिसऱ्या क्रमांकाचा गडी ४४ गोळ्या मारून थांबला. ४५१.४ ला ४४ नं भागा, गोळीमागं सव्वादहाच्या वर पडतात. दुकानदाराचा निरोप आला, ‘आता कळलं.’ टर उडवणाऱ्यांपैकी दोघांनी ते पान पुढं पाठवलं, यावरून त्यांनाही तोवर किती कळत होतं ते कळलं!

दुसरे आमचे टीकाकार म्हणजे गडहिंग्लजकडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांचा आरोप असा की पीडीएफमध्ये ठरावीक अकॅडम्यांचीच पोरं दिसतात. खरं आहे, कारण निकाल पाठवतात तेच. मी म्हटलं, ‘सुभेदार, तुम्ही तुमच्याकडचे पाठवा की.’ तर म्हणाले, ‘म्या पाठवायचं आन् तुमी निस्तं चिकटवायचं? मग तुमी करतासा काय?’

याला उत्तर नव्हतं. आता प्राध्यापिकाबाई दर रविवारी स्वतः फोन लावून निकाल मागतात. सुभेदारही यादीचे फोटो पाठवतात, बहुतेक हललेले.

एका आईचा फोन मात्र अवघड होता. ‘दादा, पोराचं नाव खालून दुसरं. वर्गातल्या पोरांनी बघितलं, आता रेंजवर जायचं नाही म्हणतोय.’ प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, शाळकरी पोरांची यादी काढून टाका. सुभेदार म्हणाले, काढायची नाही; पुढं जायचं तर एमक्यूएस, म्हणजे ठरवून दिलेले किमान गुण लागतात, आणि कुणी किती मारले याची नोंद तुमच्याशिवाय ठेवतंय कोण? वर त्यांनी कोल्हापूरच्याच नेमबाज तेजस्विनी सावंतचा दाखला दिला. ‘२०१० ला म्युनिकला ५९७ मारून जगज्जेती झाली, ते समद्यास्नी ठावं हाय. पर मोठं व्हायच्या आधी समदीच यादीत खाली असत्यात.’ मला दोघांचंही पटलं, म्हणजे निर्णय मलाच घ्यावा लागला. शाळकरी गटात पहिले आठ आणि एमक्यूएस गाठलेले एवढेच छापतो. बाकीची यादी आमच्याकडं असते, ज्याला त्याला त्याचे गुण मागितले की देतो. आता उलट फोन येतात, ‘माझ्या पोरीचं नाव का नाही?’

पाठिंब्याचं म्हणाल तर ‘नाद खुळा’ आणि अंगठे भरपूर. एका क्लासनं पैसेही देऊ केले होते, अट एकच, पहिल्या पानावर दर वेळी त्यांचं पोरगं. नको म्हटलं. इचलकरंजीचे एक निवृत्त बँकवाले मात्र रविवारी रात्री आमच्या सगळ्या बेरजा तपासून परत पाठवतात. सोबत ना शाबासकी, ना नमस्कार, नुसती लाल पेनाची खूण केलेला फोटो. मला असला पाठिंबा आणखी चार जणांचा हवा आहे.

परवा सुभेदारांची नवी तक्रार आली: ट्रॅपच्या बातम्या का नाहीत? हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या शॉटगननं फोडायच्या, त्यातलं आम्हा तिघांनाही ओ की ठो कळत नाही. कुणाला कळत असेल तर निरोप द्या. रविवारी संध्याकाळ मोकळी हवी, आणि सुभेदारांचा फोन उचलायची तयारी.