पातळ थराचा हट्ट

जुवारीच्या काठावरील आमच्या वर्कशॉपमध्ये फायबरच्या होड्यांची दुरुस्ती होते. चारचाकी गाडीचे आमच्याकडे एरवी काही काम नसते. तरीही ऐन पावसाळ्यात एक सॅन स्टॉर्म टेंपोवर चढवून आमच्या दारात आणली गेली, कारण पत्र्याची सवय असलेल्या डेंटिंगवाल्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते.

रेल्वेची इंजिने बांधणाऱ्या बंगळूरच्या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌सकार काढली, आणि तीही गोव्यातच, वेर्ण्यात. रेनोचे ११४९ सीसीचे, जेमतेम ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि वर फायबरग्लासची बॉडी. एवढ्याशा इंजिनावर गाडी पळवायची तर तिचे वजन कमी ठेवणे भागच होते.

पुढच्या डाव्या मडगार्डला लांब तडा गेला होता. तो घासू लागल्यावर खालून आधीच्या दुरुस्तीची पुट्टी निघाली, आणि आतल्या बाजूने कोणीतरी चॉप मॅटचे, म्हणजे काचेच्या तुकडे तंतूंच्या चटईचे, थरावर थर चढवून जाडजूड ठिगळ मारलेले दिसले. तडा नेमका त्या ठिगळाच्या कडेने गेला होता, आणि त्यात नवल काही नव्हते. पातळ फायबर धक्क्याला थोडे लवते आणि परत जागेवर येते. जाड ठिगळ लवत नाही, त्यामुळे सगळा ताण त्याच्या कडेला गोळा होतो. पत्र्यावर पुट्टी थापण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही.

ठिगळ उतरवल्यावर मूळ काम उघडे पडले. कोपऱ्यात मॅटचे सांधे एकावर एक न येता पुढे-मागे सरकवलेले, हवेचा बुडबुडा कुठेही नाही, आणि रेझिनमध्ये, म्हणजे तंतूंना बांधून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, ब्रशचा एक केस कायमचा अडकलेला. रोलर फिरवणारा तो हात कोणाचा होता हे कळण्याचा मार्ग नाही, पण काम जाणकाराचे होते.

थर सुमारे ३ मिमी जाडीचा होता. अशा सांध्याला जाडीच्या बारापट उतार द्यावा लागतो, म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना ३६ मिमीपर्यंत घासून आम्ही कडा निमुळत्या केल्या. पावसाळ्यात मॅट हवेतील ओल धरते, म्हणून ती दिव्याच्या उबेत ठेवली आणि रेझिन घट्ट करणारा हार्डनर मोजूनच घातला. हार्डनर आणि ती क्रिया वेगाने घडवणारे कोबाल्टचे अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. नव्या पोराला आमच्याकडे पहिला धडा हाच दिला जातो.

विम्याच्या सर्व्हेअरने मडगार्ड ‘प्लास्टिक’ म्हणून नोंदवून ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दल भरपाईतली कपात, लावला होता. फायबरग्लासच्या भागांना ३० टक्के घसारा असतो, हे त्यांच्याच पॉलिसीतील ओळीवर बोट ठेवून दाखवावे लागले. आकडा त्यांनी बदलला, पण उपकार केल्यासारखा.

खरा वाद गाडीच्या मालकांशी झाला. रंग होऊन गाडी तयार झाल्यावर त्यांनी मडगार्डवर बोटांनी टकटक केली आणि म्हणाले, “आवाज पोकळ येतो हो. अजून दोन थर द्यायचे होते, पैशांचा प्रश्न नव्हता.” उजव्या मडगार्डवर टकटक करून तिथला आवाजही तसाच आहे हे मी ऐकवले, तडा का गेला तेही समजावले. त्यांनी मान हलवली, पैसे चुकते केले, पण समाधान दिसले नाही. जड म्हणजे मजबूत ही समजूत होडीवाल्यांतही आहे, पण हलकेपणासाठीच घेतलेल्या गाडीच्या मालकाने ती धरून बसावे, हे मला अजून उलगडलेले नाही.

पाऊस ओसरल्यावर गाडी पुन्हा आणतो, आतून एक थर चढवून द्या, असा त्यांचा निरोप परवाच आला. मी नाही म्हटले तर ते पुन्हा एखाद्या डेंटिंगवाल्याकडे जातील, हे मला माहीत आहे. अजून उत्तर दिलेले नाही.